हिवाळ्यातल्या उन्हाचा शब्द

आमच्या घरात लेकराचं नाव त्याच्या कानात सांगायचा मान आत्याचा असतो, आणि त्या नावाचा अर्थ जमलेल्या माणसांना मोठ्यानं सांगायची जबाबदारीही आत्याचीच. पहिली रीत सगळीकडेच आहे. दुसरी आमच्या आजोबांनी लावून दिली. त्यांचं स्वतःचं नाव गावानं ठेवलेलं होतं, ते जन्मले तेव्हा दारात जे काय पडलं होतं त्याच्यावरून. ते नाव मी इथं लिहीत नाही. पुढं वस्तीबरोबर त्यांनी धम्म घेतला आणि तेव्हापासून नावांच्या बाबतीत ते फार कडक झाले. आमच्या हट्टा गावच्या रस्त्यानं जाताना कुठलंही पोरगं दिसलं की थांबवून विचारायचे, "तुझ्या नावाचा अर्थ काय रे?" पोरगं गडबडलं की सरळ त्याच्या बापाकडे जाऊन त्याला फैलावर घ्यायचे.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या भावाला मुलगी झाली आणि ही जबाबदारी माझ्यावर आली. खरं तर ती आधीच यायची होती. भावाची पहिली मुलगी त्याच्या आधीच्या एका हिवाळ्यात झाली, दिवस भरायच्या आत, आणि बारशापर्यंत टिकली नाही. तिला नाव नव्हतंच. त्यानंतर आईनं सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, सुनेपुढं तो विषय कुणी काढायचा नाही. आम्ही ते इतकं चोख पाळलं की घरात ती मुलगी कधी होऊन गेली असं परक्या माणसाला वाटलंही नसतं. मलाही तेच बरोबर वाटायचं. जखमेवरची खपली कशाला काढायची, असं माझं म्हणणं होतं.

तर दुसरी झाली, ऐन वैशाखात. मी वसमतला असते, तिथल्या कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. सुट्ट्या लागलेल्या होत्या. दुपारी भावाचा फोन आला.

"ताई, नाव सापडलं. जगात कुनाचंच न्हाई असं."

"सांग."

"अप्रिसिटी."

मी पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा तेच सांगितलं, या वेळी सावकाश, बहिऱ्या माणसाला सांगावं तसं.

"इंग्रजी हाय. जुनं हाय, लई जुनं. हिवाळ्यात ऊन अंगावर येतं अन् ऊब लागती न्हाई का, ती ऊब. तेवढ्या उबंला येक शब्द हाय ताई त्यांच्यात."

"तुला कुणी सांगितलं?"

"रीलमधी पाह्यलं."

भावाचं हट्ट्यात दुकान आहे. शेतातल्या जळालेल्या मोटारींचं वायंडिंग तो करून देतो. हातानं तांब्याची तार गुंडाळायची आणि समोर टेकवलेल्या मोबाइलवर रील बघायच्या, असा त्याचा दिवसभराचा कार्यक्रम. त्याच्या ज्ञानाचा उगम तोच. कधी तो मला मधमाश्यांविषयी सांगतो, कधी जपानविषयी. मी हूं हूं करते. पण या वेळी मला राग आला, आणि तो रीलचा नव्हता. इतकी वर्षं इंग्रजी शिकवून हा शब्द मी कधी ऐकला नव्हता, त्याचा होता.

"तू इंग्रजीची म्याडम हायस," तो म्हणाला. "अर्थ बराबर हाय का तेवढा बघून ठेव. चार मानसांत तुलाच सांगायचाय."

मी आमच्या ग्रंथालयातला जाडा शब्दकोश काढला. सुट्टीत तो कुणी उघडत नाही. तसा तो सुट्टी नसतानाही कुणी उघडत नाही. 'ॲप्रिकॉट', म्हणजे जर्दाळू, सापडला. त्याच्या अलीकडे हा असायला पाहिजे होता. नव्हता. मी पान उजेडात धरून पाहिलं, मागचं पुढचं पाहिलं, जणू शब्द दोन पानांच्या मध्ये चिकटून बसला असेल.

मग घरी येऊन इंटरनेट. तिथं तो ढिगानं होता. प्रत्येक ठिकाणी तेच एक वाक्य, हिवाळ्यातल्या सूर्याची ऊब, आणि खाली बर्फात उन्हं पडल्याचं चित्र. एकानं ऊब म्हटलं होतं, दुसऱ्यानं उजेड. तिसरीकडे त्याचा एक भाऊबंद शब्द निघाला, उन्हात निवांत बसून राहणं अशा अर्थाचा. बरंच खोल गेल्यावर कळलं ते असं, की चारेकशे वर्षांमागं कुणीतरी अवघड शब्दांचा एक कोश केला आणि त्यात हा शब्द टाकला. लॅटिनमधून घेतला म्हणे. त्यानंतर तो कुणी बोलण्यात वापरला, लिहिण्यात वापरला, याचा काही पत्ता लागत नव्हता. कोशात होता आणि कोशातच राहिला.

इथं माझं डोकं गरगरायला लागलं. जो शब्द कुणी बोललंच नाही त्याला शब्द म्हणायचं का? त्या कोशवाल्यानं तो ऐकला होता की स्वतःच बनवला? आणि बनवला असेल तर मग माझा भाऊ पोरीला जे नाव ठेवून राहिलाय ते नाव कशाचं आहे? उच्चारसुद्धा ठिकाणावर नव्हता. एक बाई मोबाइलमधून एका तऱ्हेनं म्हणत होती, एक माणूस दुसऱ्या तऱ्हेनं. बोलणारं माणूसच जगात नसेल तर उच्चार विचारायचा कुणाला?

त्यात मला नको ती गोडी लागली. एका शब्दापाठी दुसरा, दुसऱ्यापाठी तिसरा. जेवणाऱ्याच्या ताटाकडे आशेनं टक लावून बसणं, याला जुन्या इंग्रजीत एक शब्द आहे. 'ग्रोक'. आमच्या लहानपणी भाऊ शेजारच्यांच्या दारात नेमकं तेच करायचा आणि आई त्याला ओढून आणायची. काम केल्याचं नुसतं सोंग करणं, 'फजल'. आमच्या स्टाफरूममध्ये या शब्दाची फार गरज आहे. थंड पाण्याचा पहिला तांब्या अंगावर घेताना जो श्वास अडकतो त्याला एक शब्द. पहाट व्हायच्या आधी जाग येऊन अंथरुणातच काळजी करत पडून राहण्याला एक, हजार वर्षांचा जुना, त्याचा तर उच्चार मला अजून जमलेला नाही. आईला फोन करून मी विचारलं, "आई, अंधारात जाग येते आणि जिवाला घोर लागतो, त्याला आपल्यात काय म्हणतात?"

"रोजचंच," आई म्हणाली. "काहून? झोप येईना का तुला?"

'ओव्हरमॉरो' म्हणजे परवा. हा शब्द इंग्रजांनी टाकून दिला आणि आता उद्याच्या नंतरचा दिवस म्हणून तीन-तीन शब्द खर्च करतात. आपण परवा तर ठेवलाच, वर तेरवाही ठेवला. हे वाचून मला उगाच अभिमान वाटला आणि मग वाटलं, आपण नावाचं काम करायला बसलो होतो, हे काय करून बसलो. सगळं कालवून गोंधळ करून टाकणं, यालाही त्यांच्यात एक जुना शब्द निघाला, 'जार्गोगल'. तो मात्र मी लगेच पाठ केला.

बारशाच्या आधी चार-दोन दिवस मी हट्ट्याला गेले. एसटीतून उतरले तेव्हा ऊन असं होतं की रस्त्यावर माणूस दिसेना. हळदीचं काम सगळं उरकलेलं, घरोघरी पोती रचलेली. आमच्या घरात पत्र्याखाली कूलर घरघरत होता आणि त्याच्या वाऱ्याला आड येऊन आई भांडत होती.

"उनाचं नाव? पोरीला? ह्या दिवसात?" ती मला दारातच म्हणाली. "उन्हानं मानसं मरून राहिली अन् हा लेकराला ऊन म्हणून हाक मारतो. तू तरी सांग त्याला काही."

"आई, हे ऊन नाही. हिवाळ्यातलं ऊन."

"मंग हिवाळ्यात ठेवा."

मला हसू आलं, पण मुद्दा आईचाच खरा होता. इंग्रजांचा मुलूख थंड. तिथं कधी नव्हे ते ऊन पडलं की त्यांना त्याचं कौतुक, म्हणून त्या उबेला वेगळा शब्द. आमच्याकडे वर्षातले कितीतरी महिने ऊन म्हणजे तकलीफ. पोर वैशाखात जन्मली, घामोळं आलेलं तिच्या मानेला, आणि नाव हिवाळ्यातल्या उबेचं. ते तिला कुठल्या बाजूनं बसत होतं ते मला कळेना. आईच्या मनात एक नाव होतं, आपल्यातलंच, म्हणायला सोपं, अर्थ सगळ्या वस्तीला माहीत. मला ते आवडलंही. पण भाऊ ऐकायला तयार नाही.

हेही एक कोडंच होतं. माझा भाऊ हट्टी माणूस नाही. त्याच्या दुकानाच्या पाटीला कुठला रंग द्यायचा ते पेंटरनं ठरवलं. लग्नात त्याचा सूट माझ्या नवऱ्यानं निवडला. "तुमी म्हनाल तसं" हे त्याचं आयुष्यातलं सगळ्यात लांब मत. तो माणूस या एका शब्दाला असा चिकटला होता की आईशी अबोला धरून बसला. का, ते सांगत नव्हता. मी विचारलं तर म्हणायचा, "अर्थ चांगला हाय." अजून खोदलं तर, "आजोबा म्हनत व्हते ना, अर्थ पायजे. हाय की मंग."

बारशाच्या आदल्या दिवशी दुपारी जेवताना पुन्हा तोच विषय निघाला. भावजय आतल्या खोलीत लेकराला घेऊन पडली होती, दार उघडंच. आई वाढत होती. भाऊ मला म्हणाला, "ताई, तू बघितलं का न्हाई? अर्थ बराबर हाय का?"

मी कंटाळले होते. उकडत होतं, डोक्यात त्या सगळ्या शब्दांचा घोळ झालेला, आणि दुसऱ्या दिवशी वस्तीपुढं उभं राहून मला छातीठोकपणे काहीच सांगता येणार नव्हतं. मी वर्गात बोलते तशा आवाजात बोलले.

"अर्थ बरोबर आहे रे. पण तो शब्द कुणी कधी म्हटलेलाच नाही. एका माणसानं लिहून ठेवला, बस्स. जन्मला तसा गेला. मेलेला शब्द आहे तो. तो तू पोरीला कशाला ठेवतोस?"

आईच्या हातातला डाव ताटाच्या वरच थांबला. भावानं माझ्याकडे पाहिलं नाही. त्यानं ताट सरकवलं, हात धुतले आणि उन्हातच दुकानाकडे निघून गेला. त्याच्या भाकरीचा तुकडा तसाच राहिला होता. मी काय चुकीचं बोलले ते मला तेव्हा समजलं नाही. उलट मला आणखी राग आला.

थोड्या वेळानं भावजयीनं आतून हाक मारली. "ताई, जरा येता का?"

ती भिंतीला टेकून बसली होती. लेकरू मांडीवर झोपलेलं. ती तशी कमी बोलणारी, साखरा गावाकडची, माझ्यासमोर तर फारच जपून बोलते, कारण मी मास्तरीण. मला वाटलं आता ही नवऱ्याची बाजू घेणार.

"ताई, मेलेला शब्द म्हंजी कसा असतो?"

"अगं, तसं काही नाही, मी आपलं बोलून गेले."

"न्हाई, खरंच विचारून राहिले. त्याला अर्थ राहतो का मंग?"

मी विचार केला. इतके दिवस त्या शब्दाच्या मागं लागले होते, पण इतका सरळ प्रश्न मला सुचला नव्हता.

"राहतो," मी म्हटलं. "अर्थ कुठं जात नाही. तो म्हणणारं कुणी नसतं, एवढंच."

ती लेकराच्या पायाच्या बोटांशी खेळत राहिली. मग तिनं जे सांगितलं ते असं. थोरली झाली तेव्हा पौष होता. तीन-चार दिवसांनी ती पिवळी पडायला लागली. डॉक्टर म्हणाले, सकाळच्या कोवळ्या उन्हात धरा जराशी. हिच्या पोटाला टाके, हिला उठवेना. म्हणून माझा भाऊ तिला कपड्यात गुंडाळून दवाखान्याच्या गच्चीवर घेऊन गेला. ही कशीबशी जिन्यापर्यंत गेली आणि तिथूनच बघत राहिली.

"तोंडावर ऊन आलं अन् तिनं असा मोठा श्वास घेतला," भावजय म्हणाली. "त्येंनी मला वरून सांगितलं, बघ, हिला ऊन गोड लागून राहिलं. तेवढीच येक सकाळ. मंग तिला दवाखान्यातल्या काचंच्या पेटीत ठेवलं ते ठेवलंच."

मला हे काहीच माहीत नव्हतं. आम्ही कुणी कधी विचारलंच नव्हतं, आणि त्यानंही कधी सांगितलं नव्हतं.

"त्येंनी ते नाव मला पयल्यांदा सांगितलं ना, तवाच मला कळलं ते कुनाचं हाय," ती म्हणाली. "पन त्येंना कसं म्हनू? ते येवढे खूश व्हते. ताई, मला भ्या वाटून राहिलं. मी हिला जलमभर तिच्या नावानं हाक मारू का? ही खेळाया गेली, साळंत गेली, लगन झालं हिचं, तरी मी हाक मारली की मला आधी ती गच्ची दिसंल. ह्या लेकराचा काय गुन्हा हाय?"

ती रडली नाही. रडू मला आलं, आणि मला चटकन रडू येत नाही. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. असं मी तिच्या लग्नानंतर एकदाही केलं नव्हतं. एकीकडे भाऊ, ज्याला त्या सकाळसाठी शेवटी एक शब्द सापडला होता. दुसरीकडे ही, जिला आपल्या जित्या लेकीला तिची तिची हाक द्यायची होती. आणि उद्या कानाशी वाकायचं होतं मला. कुणाचं ऐकायचं तेच मला सुचेना.

"मग काय करायचं?" मी तिलाच विचारलं.

"मी बोलते त्येंच्याशी," ती म्हणाली. "तुमी फकस्त उद्या मी म्हनंन तसं करा."

"पण कानात काय सांगू?"

"उद्या सांगते."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत बायका जमल्या. तसबिरींपुढं मेणबत्त्या लावल्या, त्रिशरण-पंचशील झालं. पाळण्याला आईनं पांढऱ्या फुलांच्या माळा सोडल्या होत्या. भाऊ दाराशी पुरुषांच्या पुढं उभा होता. त्याचे डोळे सुजल्यासारखे दिसत होते, पण चेहरा शांत होता. आईच्या मनातल्या नावाला त्यानं सकाळी 'हो' म्हटल्याचं मला आईनं विजयी मुद्रेनं सांगितलं. कसं काय, ते तिला माहीत नव्हतं आणि तिला त्याची पर्वाही नव्हती. मला मात्र वाईट वाटलं. म्हणजे तो शब्द गेला, पुन्हा त्या कोशातच जाऊन पडला, असं वाटून मी पाळण्याजवळ बसले.

तेवढ्यात भावजय सासूला म्हणाली, "आत्याबाई, आधी वरवंटा घालायचा ना पाळन्यात?"

हे ऐकून मी उडालेच. लेकराला निजवायच्या आधी पाळण्यात तेल लावलेला वरवंटा ठेवून झोका द्यायचा, म्हणजे लेकरू दगडासारखं टणक होतं, अशी जुनी बायकांची समजूत. आजोबांनी घरातलं बाकी सगळं बंद केलं, हे एक आईनं सोडलं नाही. "ह्याच्यात देव कुठं हाय?" हा तिचा युक्तिवाद. माझं आणि तिचं यावरून प्रत्येक बारशाला वाजतं, आणि भावजय आजवर माझ्याच बाजूची होती. आता ती आपण होऊन मागत होती. आईनं माझ्याकडे असं पाहिलं की बघ, शेवटी कोण जिंकलं.

वरवंटा तिनं आधीच तयार ठेवला होता. मऊ दुपट्यात गुंडाळलेला, आणि वरच्या टोकाला टोपडं घातलेलं. पिवळं, कडेला पांढरी विणीची झालर. ते मी ओळखलं. नांदेडहून मीच आणलं होतं, थोरलीसाठी. ते आईनं कुठंतरी आत टाकून दिलं असेल असं मी धरून चालले होते.

भावजयीनं वरवंटा पाळण्यात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"ताई, हिच्या कानात सांगा," ती हळू म्हणाली. "काल म्हनलात तो शब्द."

मग मला कळलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला एक गोष्ट पूर्ण कळली.

मी वाकले. बायकांना वाटलं काही गंमत चालली आहे, त्यांनी रीतीप्रमाणे माझ्या पाठीत बुक्क्या घालायला सुरुवात केली. एक शेजारीण ओरडली, "म्याडम, वरवंट्याला इंग्रजी शिकवून राहिल्या का?" सगळ्या हसल्या. मी त्या टोपड्याच्या कडेशी तोंड नेलं. तेलाचा वास येत होता. कुर्र केलं आणि तो शब्द म्हटला. उच्चार बरोबर होता की नाही, देव जाणे. मोबाइलमधली बाई म्हणायची तसा म्हटला. त्या कोशवाल्यानंतर तो कुणी कधी कुणाच्या कानात सांगितला असेल असं मला वाटत नाही.

पाठीवर एक बुक्की बाकीच्यांपेक्षा हलकी पडली आणि तो हात तिथंच राहिला. तो भावजयीचा होता.

मी सरळ झाले. आई अजून मजेतच होती. "काय नाव ठेवलं मंग वरवंट्याचं?" तिनं विचारलं. "आपल्यात अर्थ सांगावा लागतो म्हनलं."

मी उभी राहिले. दाराशी भाऊ उन्हाकडे पाठ करून उभा होता आणि माझ्याकडे बघत होता.

"हिवाळ्यातलं कोवळं ऊन," मी म्हटलं.

बायका पुन्हा हसल्या, वैशाखात कुठलं आलंय म्हणून. आई हसली नाही. तिनं एकदा लेकाकडे पाहिलं, एकदा सुनेकडे, आणि मग पाळण्यातल्या त्या पिवळ्या टोपड्याकडे. ते तिनंही ओळखलं. तिच्या चेहऱ्यावरचं सगळं हसू निघून गेलं आणि ती एकदम म्हातारी दिसायला लागली.

मग लेकराला निजवायची वेळ झाली. पाळणा रिकामा करायला हवा होता. एरवी आई वरवंटा एका हातानं उचलून भिंतीशी ठेवते, मसाला वाटायचा दगडच तो. या वेळी ती खाली वाकली, एक हात तिनं दुपट्याखाली घातला, दुसरा टोपड्याखाली, मानेला आधार देतात तसा, आणि त्याला सावकाश वर घेतलं.

"आन बाई," ती सुनेला म्हणाली. "आता धाकटीला निजव."